आधी ओपीडीत बस, मग कॉलेजचा फॉर्म भर

पोरी, नीटचा निकाल लागला की तुझ्या बाबांच्या फोनवर अनोळखी नंबर वाजायला लागतील. 'मुलीचं फिजिओथेरपीचं ॲडमिशन पक्कं करून देतो, आज थोडी रक्कम भरून सीट अडवून ठेवा,' असं गोड बोलणारी माणसं त्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्रात फिरत असतात. घरात आधीच गोंधळ, नातेवाईकांचे सल्ले वेगळे, तुझा जीव टांगणीला. अशा आठवड्यात घेतलेला निर्णय पुढची चाळीस वर्षं सोबत राहतो. म्हणून तू अकरावीत असतानाच हे लिहून ठेवते आहे. तुझी आई म्हणाली, "ताई, तू फिजिओथेरपीत हयात घालवलीस, तूच तिला सांग." तेव्हा मावशीचं ऐक, आणि पटलं नाही तर माझ्याशी वाद घाल.

कॉलेजांची यादी नंतर बघू. आधी काम बघ. येत्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे नगरला राहायला ये. विभागप्रमुखांची परवानगी काढून तुला एखाद्या मोठ्या दवाखान्याच्या फिजिओथेरपी विभागात सकाळी बसवते. कुठल्या मशिनीवर काय दिसतं ते बघत बसू नकोस. माणसं बघ. लकवा मारलेला माणूस तीन आठवडे रोज येतो आणि एवढ्या काळात त्याची फक्त दोन बोटं उघडायला लागतात. प्लास्टर काढल्यावर मनगट आखडलेली म्हातारी येते, हात वळवताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि तरी तो वळवावाच लागतो. मेंदूचा पक्षाघात घेऊन जन्मलेलं मूल येतं. त्याची आई बाहेरगावाहून एसटीने, मूल कडेवर घेऊन येते आणि 'हे चालेल का हो?' हा एकच प्रश्न दर वेळी विचारते. काम हळू आहे. तेच तेच पुन्हा करावं लागतं. परक्या माणसाच्या अंगाला हात लावावा लागतो, घामाचा वास असतो, जखमेचा वास असतो.

हे सगळं बघताना तुला कंटाळा आला तर हा रस्ता तुझा नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण 'त्या आजींना उभं करायच्या आधी ताईंनी त्यांचे पाय मागे का घ्यायला लावले?' असा प्रश्न तुझ्या मनात आपोआप उठला, तर मात्र पुढचं वाच.

एमबीबीएस हुकलं म्हणून इकडे येऊ नकोस, हे मी तुला अगदी कळकळीने सांगते. दर वर्षी कितीतरी मुलं पहिल्या वर्षाला नाव घालतात आणि पिशवीत पुन्हा नीटची पुस्तकं ठेवतात. त्यांचं शरीररचनाशास्त्र तिथेच कच्चं राहतं, आणि कोणता स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, कोणत्या नसेवर चालतो हे ज्याला डोळे मिटून सांगता येत नाही तो पुढे जन्मभर फक्त मशिनीची बटणं दाबतो. आपल्याकडे लोक या उपचाराला 'शेक' म्हणतात, 'करंट' म्हणतात. तसं म्हणण्यात लोकांचा दोष नाही. अर्ध्या दवाखान्यांत त्यांना तेवढंच मिळतं. दहा मिनिटं आयएफटीचा करंट, दहा मिनिटं शेक, उद्या या. मशीन लागते, मीही वापरली, पण ती दुखणं थोडं कमी करून तुझ्यासाठी वाट मोकळी करते. पुढचं काम तुझ्या हातांनी आणि पेशंटच्या व्यायामाने व्हायचं असतं.

आता तू म्हणशील, मावशी, आमच्या गावात याचं काय काम? तुझ्याच गावात आहे. हिवरे बाजार आज देशभर माहीत आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, डोंगराला चर पडले, बंधारे झाले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली गेली, विहिरींना पाणी आलं, आणि कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. पाण्यामागे कांदा आला, गायी आल्या, दूध आलं. पण कांदा अजून माणसंच काढतात, आणि बऱ्याच गोठ्यांत धार अजून हातानेच निघते. तुझ्या आजीचे गुडघे बघ. वर्षानुवर्षं उकिडवं बसून खुरपणी, काढणी, पात कापणी. तुझ्या काकूंच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं ते पहाटे-संध्याकाळी धार काढून. ट्रॅक्टरवर दिवसभर बसणाऱ्या तुझ्या चुलतभावाची कंबर तिशीच्या आत धरायला लागली आहे. यांतल्या कुणालाही ऑपरेशन नको आहे. कुणीतरी नीट तपासून, मांडीच्या पुढच्या स्नायूला ताकद कशी द्यायची, बसण्याची उंची चार बोटांनी कशी वाढवायची, धारेच्या वेळी मनगट कसं सरळ ठेवायचं, हे दाखवणारं माणूस हवं आहे. शेतकऱ्याला 'महिनाभर विश्रांती घ्या' सांगून चालत नाही. काम चालू ठेवून दुखणं कसं कमी करायचं, हे सांगता आलं पाहिजे. पुस्तकात ते फार थोडं सापडतं, आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला ते लवकर उमजतं.

लकव्याचं तर विचारूच नकोस. आपल्या भागात अजूनही माणूस एका बाजूने लुळा पडला की आधी मालिशवाल्याकडे नेतात, कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगतं, आणि सुरुवातीचे मोलाचे आठवडे निघून जातात. दरम्यान घरचे त्याला त्याच लुळ्या हाताला धरून उठवतात आणि खांदा सांध्यातून खाली उतरतो. मग पेशंट माझ्यासारखीकडे येतो तेव्हा हाताच्या आधी खांद्याचं दुखणं निस्तरावं लागतं. पंचक्रोशीत एक जरी जाणती मुलगी असली तरी हे थांबतं.

हा उपचार आपल्या देशात रुजला तोही मोठ्या गरजेतून. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत मुंबईत पोलिओने शेकडो मुलं अधू झाली. त्यांना उभं करायला शिकलेली माणसं हवी होती. म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, देशातली पहिली. त्याच्या थोडं आधी, १९५० मध्ये, तिथेच ऑक्युपेशनल थेरपीची शाळा उभी केली होती कमला निंबकर यांनी. या बाई जन्माने अमेरिकन, लग्न करून इथल्या झाल्या. फलटणचे शेती-संशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. मी केईएमला शिकले तेव्हा जुन्या शिक्षिका या बाईंचं नाव आदराने घ्यायच्या. आज पोलिओ गेला. २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण अपघात, मधुमेहाने आखडलेले खांदे, लकवा, लांबलेलं म्हातारपण हे सगळं वाढतच गेलं.

निंबकरबाईंचं नाव काढलं ते आणखी एका कारणासाठी. फॉर्म भरताना तुला फिजिओथेरपीशेजारी आणखी तीन नावं दिसतील: ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-श्रवणाचा बीएएसएलपी, आणि कृत्रिम अवयव व आधारसाधनं बनवण्याचा बीपीओ. आपल्याकडे त्यांना कुणी ओळखत नाही म्हणून मुलं नुसती पुढे सरकतात. तू सरकू नकोस. हाताला सूक्ष्म काम शिकवणं, मतिमंद किंवा स्वमग्न मुलाला जेवायला, बटण लावायला, शाळेत बसायला शिकवणं, हे ऑक्युपेशनल थेरपीचं क्षेत्र आहे आणि आपल्या जिल्ह्यात अशी माणसं फार थोडी आहेत. तुला हातांनी वस्तू घडवायला आवडतात. म्हणून बीपीओही मनात ठेव. तो शिकायचा तर मुंबईत हाजीअलीला भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची जुनी केंद्रीय संस्था आहे. एकदा जाऊन बघून ये, एवढंच म्हणते.

आता प्रवेशाचं. महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीला राज्याच्या सीईटी सेलकडून प्रवेश होतो आणि त्यासाठी नीट द्यावी लागते. एमबीबीएसला लागतात तितके गुण इथे लागत नाहीत, पण नीट दिलीच नाही असं करून चालत नाही. बारावीला भौतिक, रसायन, जीव हे तिन्ही विषय लागतात. नगरला अकरावी-बारावी करताना 'जीव सोडून गणित' असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. दर वर्षी सेल माहितीपुस्तिका काढतं. ती पूर्ण वाच. क्लासवाल्याने केलेली टिपणं किंवा मोबाईलवर फिरणारे निरोप धरून फॉर्म भरू नकोस. अभ्यासक्रम आजवर चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप असा साडेचार वर्षांचा होता. २०२१ च्या कायद्याने या पेशांसाठी जो राष्ट्रीय आयोग आला, त्याने वर्षभराच्या इंटर्नशिपसकट पाच वर्षांची आखणी केली आहे. तुझ्या तुकडीला कोणता नियम लागू आहे ते त्या पुस्तिकेतच बघ आणि घरखर्चाचा हिशेब त्यावर मांड.

कॉलेजं तीन प्रकारची, हे डोक्यात पक्कं बसव. सरकारी आणि महापालिकेची मोजकी: मुंबईत केईएम, नायर, सायन, आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. फी कमी, पेशंटांची गर्दी अफाट, जागा थोड्या. इथे नंबर लागला तर घर लांब आहे म्हणून सोडू नकोस. बाबांशी मी बोलेन. दुसरी खासगी विनाअनुदानित, पण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली, जिथे सीईटी सेलच्या फेऱ्यांतून जागा मिळते. आपल्याजवळ विळद घाटातलं डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचं कॉलेज यात येतं, पुण्यात संचेतीसारखी नावाजलेली आहेत. तिसरी अभिमत विद्यापीठं. जिल्ह्यात लोणीचं प्रवरा, पुढे कराडचं कृष्णा, पुण्या-मुंबईतली आणखी काही. शिक्षण चांगलं असू शकतं, पण फी, प्रवेश आणि सवलती यांचे नियम तिथे वेगळे असतात. दुसऱ्या नि तिसऱ्या प्रकारातला फरक न कळल्यामुळे घरं अडचणीत आलेली मी पाहिली आहेत. सवलत मिळेल असं धरून प्रवेश घेतला आणि नंतर कळलं की ती तिथे लागूच नाही.

आणि चौथा एक प्रकार आहे, त्याच्या जवळही जाऊ नकोस. 'सहा महिन्यांत फिजिओथेरपिस्ट', 'एक वर्षाचा डिप्लोमा, नोकरीची हमी' अशा पाट्या तालुक्याच्या गावी लागलेल्या असतात. पदवी घेतल्याशिवाय महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेत तुझी नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय पेशंटला हात लावायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉलेज निवडताना इमारत, गेट, बागेतलं कारंजं, वेबसाईटवरचे फोटो यांतलं काही बघू नकोस. त्याला जोडलेला दवाखाना बघ. दवाखान्यात पेशंट नसतील तर शिकणार कुणावर? त्यामुळे तुझ्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजात बाबांबरोबर जायचं, तेही एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला, न कळवता. ओपीडीत बाकांवर किती माणसं बसली आहेत ते मोज. मग वॉर्डात जा. अतिदक्षता विभागात फिजिओथेरपीचे विद्यार्थी दिसतात का? कोविडच्या वर्षांत छातीच्या व्यायामाची, पेशंटला पालथं झोपवण्याची, पलंगावरून उठवून बसवण्याची किती गरज पडली ते साऱ्या जगाने पाहिलं. ते काम पुस्तकातून येत नाही, वॉर्डातच येतं. हाडांचा विभाग बहुतेक ठिकाणी भरलेला असतो, त्यावर समाधान मानू नकोस. मेंदू-मज्जासंस्थेचे पेशंट येतात का? लहान मुलं येतात का? भाजलेल्यांचा वॉर्ड आहे का? हे विचार.

शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना चहाच्या टपरीवर गाठ. ऑफिसातली माणसं जे सांगतील त्याच्याहून खरं तिथे कळतं. त्यांना विचार, तुम्ही स्वतः पहिल्यांदा पेशंट तपासला तो कितव्या वर्षाला? शिक्षक बाजूला उभे असतात की सही करून निघून जातात? विच्छेदनासाठी देह आहे की फक्त प्लास्टिकचे नमुने? इंटर्नला विद्यावेतन मिळतं का, की उलट त्याच्याकडूनच पैसे घेतात? ग्रामीण आरोग्य केंद्रावर पाठवतात का, आणि पाठवलं तर तिथे काम असतं की नुसती हजेरी? गेल्या दोन-तीन तुकड्यांतली मुलं आज कुठे आहेत? या शेवटच्या प्रश्नाला दोन-चार खरी उत्तरं मिळाली नाहीत, तर त्या कॉलेजचं नाव यादीत खाली सरकव.

आणि एक बारीक गोष्ट. शिकवणाऱ्यांपैकी कितीजण रोज स्वतः पेशंट बघतात ते बघ. ज्या शिक्षिकेचे हात रोज कामात असतात, तिच्याजवळ उभं राहून जे शिकायला मिळतं त्याला तोड नाही.

विळद जवळ आहे म्हणून घेऊ नकोस, आणि जवळ आहे म्हणून टाळूही नकोस. घरचं जेवण, एसटीने जाणं-येणं, बचत, सगळं खरं. पण हिवरे बाजारहून रोज नगर आणि पुढे विळद असा प्रवास, संध्याकाळी परत, आणि मग अभ्यास, हे पहिल्या वर्षाला झेपेल का याचा विचार कर. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि हालचालींचं शास्त्र असे भरलेले विषय एकदमच येतात. पहिल्या वर्षी वसतिगृह आणि नंतर घर, असंही करता येतं.

पैशाचं आता उघड बोलू. तुमच्या गावात पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडलं, किती मुरलं, माणसा-जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणती पिकं बसतात, हे आधी ठरतं. उसाला आणि केळीला परवानगी नाही, शेतीसाठी बोअर नाही. वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडणाऱ्या पावसात गाव तरलं ते या हिशेबावर. शिक्षणाचा हिशेबही तसाच, पेरणीच्या आधी मांडायचा. एका कागदावर सगळ्या वर्षांची फी, वसतिगृह, खानावळ, परीक्षा फी, पुस्तकं, एप्रन, सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर, प्रवास लिही. खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. कॉलेजने सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून बघ. त्याहून जास्त, 'देणगी' म्हणून, पावतीशिवाय कुणी मागितलं तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घ्यायला १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला पहिल्या नोकरीचा पगार लिही. इथे खोटी आशा लावून घेऊ नकोस. नव्या पदवीधराला नगर-पुण्याच्या खासगी दवाखान्यात महिन्याला साधारण पंधरा ते पंचवीस हजारांच्या घरात मिळतात. काहींना त्याहूनही कमी. पुढे वाढतं, स्वतःचं केंद्र चालू लागलं की चांगलं वाढतं, पण पहिली तीन-चार वर्षं अशीच जातात. त्यामुळे ज्या कॉलेजची फी भरायला जमिनीचा तुकडा विकावा लागेल ते कॉलेज आपलं नाही, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. कर्ज काढायचंच तर राष्ट्रीयीकृत बँकेचं शैक्षणिक कर्ज काढ, ते शिक्षण संपल्यावर फेडायचं असतं. पतसंस्थेच्या व्याजावर पदवी घ्यायची नाही.

मुलींसाठी एक मोठी सोय झाली आहे ती सोडू नकोस. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि मुलगी आर्थिक दुर्बल, एसईबीसी किंवा ओबीसी गटातली असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. अट एवढीच की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही, अभिमत विद्यापीठालाही नाही. म्हणजे एजंटाकडून 'पक्की' केलेली सीट घेतली की सरकारने भरायची फी तुझ्या बाबांना भरावी लागते. हे त्यांना मी स्वतः समजावून सांगणार आहे, कारण फोन त्यांनाच येणार आहेत.

शिकताना काय जपायचं ते थोडक्यात. पुस्तकं इंग्रजीत आहेत, त्याची धास्ती घेऊ नकोस, पहिल्या सहा महिन्यांत शब्द बसतात. त्याच वेळी मराठीत सांगायचा सराव ठेव. 'गुडघा सरळ करून मांडी आवळा, दहा अंक मोजा, सोडा' हे आजींना कळेल असं आणि त्या घरी जाऊन करतील असं सांगता येणं, ही निम्मी विद्या आहे. व्यायाम दिला आणि पेशंटने केला नाही, तर तो समजावण्यात काय राहिलं ते आधी तपास. स्वतःचं शरीर सांभाळ. उचलताना पाठ वाकवून उचलणारी पोरं पस्तिशीतच स्वतः पेशंट होतात. आणि 'डॉक्टर' ही अक्षरं नावाआधी लागतात की नाही यावर मन अडकवू नकोस. त्यावरून २०२५ मध्ये दिल्लीत बराच वाद झाला, पुढेही होईल. उठता न येणारा माणूस स्वतःच्या पायाने घरी गेला की तो तुझ्या नावाआधी काय लावायचं ते आपणहून लावतो.

पदवीनंतर पहिलं काम नोंदणी. त्यानंतर लगेच पदव्युत्तरला धावू नकोस, असं माझं मत आहे. काही जण वेगळं सांगतील. दोन वर्षं गर्दीच्या दवाखान्यात काम कर, मग कळेल तुला हाडं-सांधे आवडतात, मेंदू-मज्जासंस्था, हृदय-श्वसन, मुलं की खेळाडू. खेळाचं क्षेत्र आज सगळ्यांना खुणावतं. क्रिकेट संघाबरोबर विमानाने फिरणारा फिजिओ टीव्हीवर दिसतो. त्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. पण आपल्या जिल्ह्यात कुस्तीच्या तालमी आहेत, कबड्डीची मैदानं आहेत. कबड्डीत गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेली पोरं नुसती पट्टी बांधून पुन्हा खेळतात आणि गुडघा कायमचा गमावतात. खेळाची आवड असेल तर तिथून सुरुवात कर.

सरकारी कामं तुटपुंज्या पगाराची आणि बरीचशी कंत्राटी असतात, तरी नजर ठेव. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जन्मतः व्यंग असलेल्या मुलांसाठी, ज्येष्ठांच्या आरोग्य कार्यक्रमात, आणि समग्र शिक्षाच्या दिव्यांग मुलांसाठीच्या कामात फिजिओथेरपिस्टची पदं असतात. तिथे वर्ष-दोन वर्षांत जेवढ्या प्रकारचे पेशंट बघायला मिळतात तेवढे शहरातल्या चकचकीत केंद्रात दहा वर्षांत मिळत नाहीत. परदेशाचं मनात असेल तर पहिल्या वर्षापासून प्रत्येक गुणपत्रिका, प्रत्येक विषयाचे तास, इंटर्नशिपच्या नोंदी जपून ठेव. अमेरिकेत आज या पेशासाठी पदवीनंतर तीन वर्षांची डॉक्टरेट शिकवतात. आपली पदवी तिथे चालवायची तर आधी तिची तासागणिक तपासणी होते आणि मग परवान्याची परीक्षा. इंग्लंडमध्येही त्यांच्या परिषदेची नोंदणी लागते. कर्ज काढून घाईने जायचा हा रस्ता नाही.

गावात काम करायचं ठरवलंस तर सुरुवात मशिनींनी करू नकोस. एक पलंग, भिंतीला समांतर कठडे, थोड्या वाळूच्या पिशव्या, दुखणं कमी करायचं एक टेन्स मशीन, आणि घरोघर जायला दुचाकी, इतकं पुरतं. लकव्याचा पेशंट तुझ्याकडे येऊ शकत नाही, तुलाच त्याच्या ओट्यावर जावं लागतं. एका गावावर पोट भरणार नाही. आजूबाजूच्या गावांचे वार ठरव आणि त्या वारी न चुकता जा. पैसे दर खेपेला कमी घे, पण फुकट करू नकोस. फुकटचा व्यायाम कुणी करत नाही.

हे सगळं पुढचं. आत्ता करायचं काम एकच आहे आणि ते याच महिन्यात कर. आरक्षणातून फॉर्म भरायचा असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच, तुझ्या ज्युनिअर कॉलेजचं पत्र घेऊन, ऑनलाइन भर. समितीकडे कागद अडकला की महिने जातात, आणि वैधता प्रमाणपत्र नाही म्हणून मिळालेली जागा हातची गेलेली मुलं दर वर्षी असतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या शाळेतून काढायला बाबांना सांग, जुनी नोंद शोधायला वेळ लागतो. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रीमीलेअर तहसीलमधून काढ, आणि त्यावरची मुदतीची तारीख बघ. मार्चअखेर मुदत संपणारा दाखला जूनमध्ये चालत नाही, तो एप्रिलमध्ये नव्याने काढावा लागतो. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि दाखला या तिन्हींवर तुझं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते तपास. नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घे. सगळ्याच्या तीन-तीन प्रती काढून एका फाईलमध्ये लाव, आणि अर्जाची पावती मिळाली की तिचा फोटो मला पाठव.